खेड्यातल्या शाळेत नृत्य शिकवायला जाताना: विदर्भातील नवख्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

विदर्भातील बहुतेक खेड्यांत शाळेतल्या नाचाचा हंगाम ठरलेला असतो. डिसेंबर उजाडला की गॅदरिंगची धावपळ सुरू होते, मोबाइलवर एखादे चालते गाणे शोधले जाते, वर्गातल्या आठ-दहा चुणचुणीत मुली निवडल्या जातात आणि महिनाभर त्याच स्टेप घोटून घेतल्या जातात. उरलेला वर्ग खिडकीतून पाहतो. चित्रकला किंवा गायन यांसारखीच एक कला म्हणून, वर्गातल्या प्रत्येक मुलाला आणि वर्षभर नृत्य शिकवू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही नागपूर-अमरावतीत कथ्थक किंवा भरतनाट्यम शिकून गावाकडे शिकवायला निघाला असाल, किंवा शाळेतच शिक्षक असून मुख्याध्यापक ‘यंदा नृत्याचं तुम्हीच बघा’ असे सांगून मोकळे झाले असतील, तरी पुढील पायऱ्या तुमच्या उपयोगी पडतील.

१. शाळेचे वर्ष आणि गावाचे वर्ष शेजारी ठेवून पाहा

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मार्चपासून बहुतेक ठिकाणी सकाळ पाळी लागते. मात्र तुमच्या तासावर सर्वाधिक परिणाम शेतीचा होतो. यवतमाळ, वाशीम, अकोला या कापसाच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की मोठ्या वर्गांतील मुलींची हजेरी पातळ होते. भंडारा-गोंदियाकडे तीच गोष्ट धानाच्या कापणीत होते. मेळघाटात कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात, कारण कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण असतो. म्हणून सलग शिकवणीची मांडणी जुलै ते सप्टेंबर या काळात करावी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवे काही सुरू न करता झालेल्याची उजळणी ठेवावी, आणि दुसरा टप्पा जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावा. एप्रिलमध्ये पटांगणावर नृत्याचा तास घेण्याचा विचारही करू नये. चंद्रपूरचे ऊन कोणाच्या हौसेची कदर करत नाही.

२. परवानगी आणि कागदपत्रे

तोंडी होकारावर काम सुरू करणे ही नवख्यांची नेहमीची गफलत असते. मुख्याध्यापकांची बदली झाली की तो होकारही त्यांच्याबरोबर जातो. त्यामुळे लेखी अर्ज द्यावा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय घेऊन ठराव करून घ्यावा. अर्जात ‘डान्स क्लास’ असा शब्द न घालता ‘कला शिक्षण विषयांतर्गत नृत्य’ असे लिहावे, कारण कला शिक्षण हा प्राथमिक स्तरापासून अभ्यासक्रमातील विषय आहे आणि त्यासाठी वेळापत्रकात तासिका असतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक पट असल्यास कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे; तुमची शाळा त्यात बसते का, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारून घ्यावे.

बाहेरून येणाऱ्या व्यक्तीने पुढील कागद एकाच फाइलमध्ये, दोन प्रतींत तयार ठेवावेत:

- मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत
- आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन छायाचित्रे
- नृत्यशिक्षणाची प्रमाणपत्रे, असल्यास. लोककलावंत असाल तर सादरीकरणाचे दाखले किंवा ग्रामपंचायतीचे पत्र
- पोलीस ठाण्याकडून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र
- दिवस, वार, तासिका आणि वर्ग लिहिलेले वेळापत्रक, मुख्याध्यापकांच्या सहीसह
- पालकांच्या संमतिपत्राचा नमुना, ज्यात छायाचित्र आणि चित्रीकरणाची संमती वेगळ्या रकान्यात असेल

चारित्र्य पडताळणी हा केवळ उपचार समजू नये. नृत्य शिकवताना मुलांच्या शरीराशी थेट संबंध येतो, आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर कोणतीही जबाबदार शाळा तिच्यावाचून तुम्हाला वर्गात उभे करणार नाही. शाळेत सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) असल्यास तिच्या सदस्यांची पहिल्याच आठवड्यात भेट घ्यावी आणि तुमच्या तासाला शाळेतील एक शिक्षक, शक्यतो शिक्षिका, हजर राहतील असे ठरवून घ्यावे. मानधनाविषयीही पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलावे; किती, कोणाकडून आणि केव्हा, हे ठरावात लिहिले गेले नाही तर ते सहसा कधीच लिहिले जात नाही.

३. जागा आणि साहित्य

गावातल्या शाळेत सभागृह नसते, आणि त्यावाचून काही अडतही नाही. पावसाळ्यात पटांगणात चिखल असतो, त्यामुळे व्हरांडा किंवा एक वर्गखोली मोकळी करून घ्यावी लागते. शहाबादी फरशी ओली असेल तर ती घसरते, आणि सिमेंटच्या कोब्यावर अनवाणी उड्या मारल्या की मुलांच्या टाचा व गुडघे दुखतात. अशा जमिनीवर उडीचे काम कमी ठेवून पावले, झोके आणि गिरक्यांवर भर द्यावा. तास सुरू होण्याआधी खराट्याने जागा झाडून खिळे, खडे आणि पिनांचे तुकडे स्वतः वेचावेत.

साहित्य फार लागत नाही. ढोलकी, डफ किंवा हलगी यांपैकी एक वाद्य, टाळांची एक जोडी, जमिनीवर रेषा आखायला खडू किंवा फक्की, पिण्याच्या पाण्याची घागर, प्रथमोपचाराची पेटी आणि एक जाड वही एवढ्यावर वर्ष निघते. भरतनाट्यम शिकलेल्यांकडे तट्टुकळी, म्हणजे ताल धरण्याची लाकडी काठी, असतेच. ब्लूटूथ स्पीकर जरूर असावा, मात्र त्यावर विसंबू नये, कारण वीज नेमकी तासाच्या वेळी जाते. शिवाय स्पीकरवरचे गाणे मुलांसाठी थांबत नाही, तर ढोलकी वाजवणारा एखाद्या मुलीचे पाऊल चुकले की लय उतरवून तिला सोबत घेऊ शकतो. गावात भजनी मंडळ असतेच. त्यांच्यातल्या ढोलकीवाल्या काकांना आठवड्यातून एक दिवस बोलावले तर तुमचे निम्मे काम हलके होते.

४. मुलांच्या प्रकृतीची माहिती आधी घ्या

हा भाग वगळू नये, असा माझा आग्रह आहे. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. सिकलसेल असलेल्या मुलाला शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम किंवा थंडी यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी होत असते. तिच्या नोंदी वर्गशिक्षकांकडे असल्यास पाहून घ्याव्यात, आणि पालकांनाही विचारावे. अशा मुलाला वर्गाबाहेर बसवू नये. त्याला मध्ये थांबण्याची, पाणी पिण्याची आणि हवे तेव्हा वाद्य वाजवण्याकडे वळण्याची मुभा सर्वांनाच दिलेली मुभा म्हणून द्यावी, म्हणजे त्याचा आजार वर्गात जाहीर होत नाही. सर्वांसाठी तासात दोनदा पाणी हा नियमच ठेवावा. उपाशीपोटी आलेली मुलेही असतात. सकाळच्या पहिल्या तासिकेपेक्षा पोषण आहारानंतर तासाभराने येणारी तासिका मिळाली तर उत्तम.

५. पहिले काही तास: ठेका, जागा, थांबणे

पहिल्या दिवशी मुले हमखास विचारतात, ‘मॅडम, कोणत्या गाण्यावर डान्स हाय?’ गाणे लगेच दिले की शिकवणे तिथेच संपते आणि पाठांतर सुरू होते. त्याऐवजी टाळ्यांपासून सुरुवात करावी. केहरवा आठ मात्रांचा (धा गे ना ती न क धी न) आणि दादरा सहा मात्रांचा (धा धी ना धा ती ना), हे दोन ठेके शाळेतल्या वर्षभराच्या कामाला पुरतात. आधी बोल तोंडाने म्हणायचे, मग टाळी, मग जागच्या जागी पाऊल, आणि त्यानंतरच चालणे, असा क्रम ठेवावा. मुलांना ठेका शिकवावा लागत नाही, पोळ्याच्या आणि लग्नाच्या वाजंत्रीत ती वाढलेली असतात. त्यांना मात्रा मोजणे आणि समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, परतणे तेवढे शिकवावे लागते.

जागेची शिस्त फक्कीच्या रेषांनी बसते. चौकोन आखून त्यात सर्वांनी एकमेकांना न धडकता चालायचे आणि ढोलकी थांबताच जागच्या जागी थिजायचे. हा खेळ सोपा दिसतो, मात्र स्थिर उभे राहणे हे नृत्यातले अवघड काम आहे, आणि मुलांना ते लवकर कळते. पट मोठा असेल तर वर्गाचे दोन भाग करावेत. निम्मे नाचत असताना निम्म्यांनी नुसते बसू नये. त्यांना पाहण्याचे काम द्यावे, जसे की ‘समेवर कोणाचे पाऊल नेमके पडले ते सांगा’ किंवा ‘कोणी जागा बदलताना वाट शोधली ते पाहा’. द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्र असेल तर चौथीच्या मुलांना गटप्रमुख करावे.

हातात काठी असली तरी ती जमिनीवर वाजवण्यासाठीच असते. नृत्यवर्गात चुकलेल्या पावलावर काठी मारण्याची जुनी सवय काही गुरूंच्या हाताखाली शिकलेल्यांमध्ये उतरलेली असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत, आणि ‘तुझ्या अंगात लयच नाही’ हे वाक्य यातल्या दुसऱ्या प्रकारात मोडते. मुलाचा हात किंवा पाठ सरळ करायची असेल तर आधी विचारावे, आणि शक्यतो स्वतः करून दाखवावे.

६. ओळखीच्या हालचालीतून नृत्य घडवा

माझ्या मते वर्षभराच्या कामाचे मर्म या पायरीत आहे, म्हणून तिच्यावर घाई करू नये.

मुलांना कापूस वेचून दाखवायला सांगा. तुम्ही दाखवू नका, कारण त्यांनी तो वेचलेला आहे आणि तुम्ही बहुधा नाही. पाहा: डावा हात पऱ्हाटीची फांदी हलकेच आपल्याकडे वळवतो, उजव्या हाताची बोटे बोंडात शिरतात, पण सरळ शिरत नाहीत, कारण वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला टोचतात. मनगट थोडे वळते, कापूस ओढून निघतो, आणि हात न पाहता कमरेच्या ओटीत जातो. ओटी भरत जाते तशी चाल बदलते, पाय फाकतात, पाठ मागे रेलते. सहावीतली मुलगी हे सारे अशा नेमकेपणाने करते की पाहणाऱ्याला ओटीचे वजन कळते. धानाच्या पट्ट्यात हेच काम रोवणीवर घ्यावे. तिथे गंमत अशी की वेचणारे पिकाच्या ओळीने पुढे जातात आणि रोवणारे चिखलात मागे मागे सरकतात, त्यामुळे रचनेची दिशाच उलटी होते.

एवढ्यावर थांबलात तर ती नक्कल झाली, नृत्य नव्हे. पुढचे काम करण्यासाठी ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले आणि उत्तरायुष्य इंग्लंडमध्ये घालवलेले नृत्यविचारक रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांची हालचालीकडे पाहण्याची पद्धत फार उपयोगी पडते. तिच्यातून वर्गासाठी चार प्रश्न मिळतात: शरीराचा कोणता भाग हलतो आहे, तो कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेने जातो, हालचाल जड आहे की हलकी, सावकाश की झटक्याची, आणि ती कोणाच्या सोबतीने किंवा कोणाविरुद्ध होते. एका तासाला यातला एकच प्रश्न बदलावा. आज मनगटाचे तेच वळण डोक्यावर न्यायचे, जणू पऱ्हाटी आभाळात वाढली आहे. पुढच्या तासाला तेच जमिनीलगत करायचे. नंतर तेच दुप्पट लयीत, आणि मग दोघांनी समोरासमोर, एकाने वेचायचे आणि दुसऱ्याने निसटायचे. कापूस दिसेनासा होतो, पाठीचा बाक आणि मनगटाची वळणे मात्र उरतात, आणि ती केहरव्याच्या आठ मात्रांत बसू लागतात.

यानंतर पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटाला एकच काम द्यावे: तीन हालचाली निवडा, त्या चार आवर्तनांत (ठेक्याच्या चार पूर्ण फेऱ्यांत) बसवा, सुरुवातीला आणि शेवटी स्थिर उभे राहा. गट भांडतील, वेळ जाईल, एखादा गट रडत तुमच्याकडे येईल. ‘सर, हे बरोबर हाय का?’ या प्रश्नावर लगेच हो किंवा नाही म्हणू नये. ‘तुम्हाला यातली कोणती हालचाल ठेवावीशी वाटते आणि का?’ असे उलट विचारावे. नवख्या शिक्षकाला येथे हात शिवशिवतात आणि तो सगळे स्वतः बसवून देतो. मग रचना देखणी होते, मात्र मुलांना पुढच्या वेळी पुन्हा त्याचीच वाट पाहावी लागते.

७. गावच्या नृत्यांकडे जाताना

विदर्भाकडे नृत्याची कमतरता नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, दंडार आणि खडी गंमत आहे, गडचिरोलीत रेला आहे, चंद्रपूर-यवतमाळच्या गोंड आणि कोलाम वस्त्यांत ढेमसा आहे, मेळघाटात कोरकूंची गदली आणि सुसून आहे, बंजारा तांड्यांवर होळीची लेंगी आहे, आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गावोगावी मुलींच्या भुलाबाईची गाणी आहेत. यातली निदान एक परंपरा तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरातच असते. ती यूट्यूबवरून शिकवू नये. गावातल्या जाणत्या बाईला किंवा आजोबांना रीतसर बोलवावे, त्यांना खुर्ची द्यावी, मानधनाची सोय करावी, आणि तुम्ही मुलांच्या रांगेत उभे राहावे.

त्यांना आधी काही गोष्टी विचाराव्यात: हे नृत्य केव्हा करतात आणि केव्हा करत नाहीत, फेर कोणत्या दिशेने फिरतो, कोण नाचते आणि कोण वाजवते, यातले काय शाळेत दाखवलेले चालेल. उदाहरणार्थ, गोंडांच्या दिवाळीतील गुसाडी नृत्याचा मोरपिसांचा टोप पूजेचा असतो, तो गॅदरिंगच्या वेशभूषेसाठी पुठ्ठ्यावर बनवण्याची वस्तू नव्हे. ‘आदिवासी नृत्य’ या नावाखाली मुलांच्या तोंडाला काळे फासून, कमरेला पाने बांधून ‘हुर्र हुर्र’ करायला लावण्याचा प्रकार अजूनही अनेक रंगमंचांवर चालतो. तुमच्या वर्गातले गोंड किंवा कोरकू मूल ते पाहत असते. हा प्रकार तुमच्या हाताखाली होऊ देऊ नये.

लोककलेची पथके शोधायची असतील तर नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे कार्यक्रम पाहावेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नवी दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राकडे, म्हणजे सीसीआरटीकडे, शाळेमार्फत अर्ज करता येतो.

८. पालकांचा विरोध

‘आमच्या पोरीले नाचगाण्यात नोका घालू, मॅडम,’ असे सांगायला एखादी आई येईलच. तिच्याशी वाद घालू नये आणि कलेवर व्याख्यानही देऊ नये. तिला एक तास बसवून दाखवावा. मोठ्या आवाजातले सिनेगीत नाही, वर्गशिक्षिका समोर आहेत, मुलगी सलवार-कुडत्यातच आहे, आणि ती आपल्याच शेतातले काम लयीत करते आहे, हे डोळ्यांनी दिसल्यावर बऱ्याच शंका आपोआप मिटतात. तरीही नकार कायम राहिला तर तो मानावा आणि त्या मुलीला वादनात सामील करून घ्यावे.

मुलग्यांची अडचण वेगळी असते. त्यांना नाच मुलींचा वाटतो आणि मिरवणुकीतला धिंगाणा तेवढा आपला वाटतो. त्यांना सांगावे की दंडार परंपरेने पुरुषच करत आले आहेत, त्यातल्या स्त्रीभूमिकाही पुरुषांनीच केल्या आहेत. गावात दंडारीत काम केलेले एखादे आजोबा असतील तर हे त्यांच्याच तोंडून येऊ द्यावे.

९. नोंदी आणि मूल्यमापन

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला या विषयाचे मूल्यमापन पूर्णपणे आकारिक असते, म्हणजे सत्राच्या शेवटी लेखी पेपर नसतो आणि तुमच्या वर्षभरातील नोंदीच निकाल ठरवतात. ‘छान नाचते’, ‘आवड आहे’ या नोंदी कोणत्याही मुलाला लागू पडतात, म्हणून त्या निरुपयोगी असतात. त्याऐवजी असे लिहावे: ‘दादऱ्याच्या ठेक्यावर पाऊल न चुकता धरतो, दिशा बदलताना मात्र शेजाऱ्याकडे पाहतो.’ किंवा: ‘गटात नवी हालचाल सुचवली आणि ती का ठेवावी हे सांगितले.’ प्रत्येक तासाला सगळ्यांची नोंद करणे अशक्य आहे. चार-पाच मुलांवरच लक्ष ठेवावे आणि पुढच्या तासाला पुढची मुले घ्यावीत. कोणाचे अंग लवचीक आहे, कोण गोरे-गोमटे दिसते, याचा नोंदीशी संबंध नाही.

१०. गॅदरिंग, स्पर्धा आणि प्रमाणपत्रे

गॅदरिंग टाळता येणार नाही, टाळूही नये. मात्र वर्गात घडलेली रचनाच तिथे न्यावी आणि सगळा वर्ग मंचावर येईल असे पाहावे. मंच लहान असेल तर दोन फेऱ्या कराव्यात. भाड्याच्या वेशभूषेचा खर्च पालकांवर लादू नये. रोजमजुरीत आणि उधारीत अडकलेल्या घराला तीनशे रुपयेही जड जातात, आणि ते न जमल्यामुळे मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. घरातले लुगडे, धोतर आणि दुपट्टा पुरतात. मुलांचे चित्रीकरण संमतीशिवाय कोणाच्याही स्टेटसवर जाणार नाही, हे कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच माइकवरून सांगावे.

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून केंद्र सरकारचा कला उत्सव होतो; त्याच्या प्रवेशाची सूचना शाळेकडे येते, ती फाइलमध्ये पडून राहू नये म्हणून मुख्याध्यापकांना अधूनमधून आठवण करावी. दहावीत शास्त्रीय नृत्य आणि लोककलेसाठी वाढीव गुणांची सवलत आहे. तिचा प्रस्ताव शाळेमार्फत नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाकडे मुदतीत जावा लागतो, आणि प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचेच असावे लागते. गल्लीतल्या क्लासचे चकचकीत प्रमाणपत्र तिथे चालत नाही. म्हणून आठवी-नववीतच संस्थांची चालू यादी मिळवून पालकांना दाखवावी, आणि प्रस्तावाची पोच मुख्याध्यापकांकडून घेऊन तिची एक प्रत स्वतःच्या फाइलमध्ये लावावी.